तेलाच्या दिवशी भात मुठीनं

खाद्यतेलाचं एक लिटर काट्यावर ठेवलं तर नऊशे दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. अलिबागेतल्या मुलींच्या एका वसतिगृहाचं कोठार मी सांभाळते, त्यामुळे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तेल येतं लिटरच्या पिशव्यांतून आणि आहाराचा तक्ता असतो ग्रॅममध्ये. स्वयंपाकाला नव्याने आलेल्या बायका लिटर म्हणजे किलोच धरून चालतात आणि महिना संपायच्या आधी तेल संपलं की पिशव्यांना भोकं होती म्हणतात. भोक कुठेच नसतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्याहून हलकं, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं, असं मी त्यांना सांगते. यंदाच्या भाद्रपदापर्यंत मलाही तेवढंच पुरेसं वाटत होतं.

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी गावाहून धाकट्या भावाचा, दिनूचा, फोन आला.

“ताई, किहीमचा एक रिसॉर्टवाला आलेला. बाबाची होडी मागतोय.”

“चालवायला?”

“चालवायला कशाला? हिरवळीवर ठेवणार. आत बरफ भरून वरती पापलेटं मांडणार, गिऱ्हाइकाला निवडायला.”

“बाबा काय म्हणतो?”

“बोलत न्हाय. कालपासनं भिंतीकडं तोंड करून बसलाय.”

“मी येते,” मी म्हटलं. “तोपर्यंत कुणाला हो म्हणू नकोस.”

रजेचा अर्ज दिला, कोठाराच्या चाव्या सोपवल्या, फडताळांवर काय कुठे आहे त्याच्या चिठ्ठ्या लावल्या आणि मुरुडची एसटी पकडली.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे. घरामागच्या मांडवात होडी होती. लहानशीच, दोन-तीन माणसांची, वल्ह्यांवर चालणारी. बाबाची नजर अधू झाली तेव्हापासून ती वर ओढलेली आहे. मी तिच्यावरचे माडाचे झाप बाजूला केले. फळ्यांमध्ये ठासलेल्या कापसाचे धागे सुटून लोंबत होते, एका फटीत माझी करंगळी जात होती. पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. खरं खटकलं ते वेगळंच. वाकून फळीला नाक लावलं, तर होडीला कसलाच वास नव्हता.

आमच्या घरात कसलाही वास नाही असा दिवसच मला आठवत नाही. मुशी म्हणजे लहानसा शार्क. त्याची काळजं मडक्यात घालून उन्हात ठेवायची, की चार दिवसांत वर पिवळं तेल सुटायचं. मडक्यावर फडकं, फडक्यावर दगड आणि दगडाकडे टक लावून बसलेलं मांजर. ते तेल अंगणात असलं तरी वास उशीत असायचा, पाटीदप्तरात असायचा, वेणीत असायचा. बाकीच्या मुलींच्या केसांना खोबरेल, आमच्या केसांना होडी. वर्गात खिडकीजवळची जागा मला न मागता मिळत असे आणि वर्षभर कुणी ती माझ्याकडून घेत नसे. खिडकीतून माडांच्या मधून समुद्राची एक चिंधी दिसायची. अभ्यासातलं कितीतरी विसरले, ती चिंधी अजून आहे.

पाऊस उघडला, ऊन चटका देऊ लागलं की होडीला तेल पाजायचा दिवस ठरायचा. आदल्या दिवसापासून फटींत कापूस ठासायचं काम चाले. पटाशी फटीवर धरायची, वर लाकडी हातोडा. टक, टक, मग थोडं थांबून टक. सगळ्या किनाऱ्यानं तोच आवाज. आमच्या होडीचा टक कुठला आणि पलीकडच्यांचा कुठला, हे आम्ही पोरं डोळे मिटून ओळखायचो आणि त्यावर भांडायचो.

मग राळ. झाडाच्या डिंकासारखे पिवळे खडे असत. त्यातून सूर्याकडे पाहिलं तर सूर्य गुळाचा दिसे. ते खडे गोणपाटात बांधून धोपटण्यानं कुटायचे, कारण आई उखळाला हात लावू देत नसे. तेल कढईत तापत ठेवायचं, राळेची पूड सोडायची आणि ती विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. दांडा बसवलेली एक मोठी करवंटी त्या दिवशी सकाळपासून बाबाच्या हातात असे. नारळाच्या सोडणाचा कुंचला करून त्या ऊन तेलाचा हात फळीवर फिरवला की लाकूड काळसर व्हायचं आणि तहानल्यासारखं ते तेल आत ओढायचं. आम्हाला कुंचला मिळत नसे. आम्ही उरलेल्या तेलानं स्वतःच्या टाचा रंगवायचो.

आई या सगळ्यापासून लांब असायची. उजाडताच तिचं पहिलं काम म्हणजे तांदूळ मोजायचं पितळी मापटं धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवणं. मापटं म्हणजे अर्ध्या शेराचं धान्याचं माप. तांदळाच्या घासणीनं त्याचा काठ पातळ, गुळगुळीत झाला होता. त्याला मुशीच्या तेलाचा हात लागला तर वर्षभर भाताला होडीचा वास येईल, असं ती म्हणे. म्हणून तेलाच्या दिवशी आमच्याकडे तांदूळ मुठीनं घालायचे. आईचं मोजमाप एरवी इतकं नेमकं की एक शीतही उरायचं नाही, पण मुठीचा अंदाज तिला कधीच आला नाही. त्या दिवशी भात हमखास जास्त व्हायचा.

“आज घरात माप न्हाय वाटतं?” बाबा पानाकडे बघून विचारायचा.

“माप हाय. तुमच्या होडीला लाज न्हाय,” आई म्हणायची आणि आणखी एक डाव भात त्याच्या ताटात आपटायची.

दिवस कलला की मात्र ती पदर नाकाला लावून मांडवात यायची. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हळदकुंकू लावायची. तेल अजून ओलं असायचं, त्यामुळे तिचं बोट तिथे उमटून राहायचं. हंगामभर खारं पाणी लागूनही तो ठसा पुरता जात नसे.

आई गेली त्यालाही आता बरेच हंगाम झाले. मांडवात उभ्या उभ्या मी नाळेवरून बोट फिरवलं. तिथे काही लागलं नाही.

“दसऱ्यापर्यंत,” मी दिनूला सांगितलं. “दसऱ्यापर्यंत ही पाण्यात गेली आणि राहिली, तर ती बाबाची. नाही राहिली तर तुझा तो रिसॉर्टवाला घेऊन जाऊ दे.”

“ताई, ही काय तुझ्या वसतिगृहाची आमटी हाय? वाळलेली होडी ती.”

“आमटीसाठीही कुणाला तरी उभं राहावंच लागतं.”

तो हसला, पण कबूल झाला. बाबा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही, पण म्हणाला, “कापूस कोण भरनार?”

“तू आणि दिनू,” मी म्हटलं.

त्या रात्री बाबा जेवायला उठून आला.

मी यादी केली: कापूस, राळ, माशाचं तेल, सोडणं, लाकडं. राळ आणि तेलाचं प्रमाण बाबाला विचारलं.

“एकास चार,” तो लगेच म्हणाला. “एक राळ, चार तेल. माझा बा पन तसंच करायचा.”

मुरुडला जेटीच्या वाटेवर दोरखंड, जाळी आणि रंग विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानातल्या चाचांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “माशाचं तेल? आता सगळ्यांच्या होड्या फायबरच्या झाल्या, ताई. एक कॅन आहे शिल्लक. पाच लिटरचा. पण देणार मी किलोच्या भावानं.”

“मग ते साडेचार किलोच्या थोडं वर भरेल,” मी म्हटलं.

“पाच लिटर लिहिलंय की त्यावर.”

“लिहू दे. काट्यावर ठेवा.”

त्यांनी ठेवलं. साडेचारच्या थोडं वर भरलं. चाचांनी काट्याला एक टिचकी मारली, पुन्हा पाहिलं. “तेलाचा धंदा करता काय तुम्ही?”

“पोरींना जेवायला घालते,” मी म्हटलं. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे इथे सांगायला हवं.

वसतिगृहात नवा मसाला आला की मी आधी लहान पातेल्यात आमटी करून बघते. तसंच इथेही केलं. पाव किलो राळ, एक किलो तेल. दिनूच्या मासे विकायच्या काट्यावर दोन्ही तोलून घेतलं. एकास चार, ग्रॅमचाही फरक नाही. होडीच्या उजव्या बाजूची एक फळी रंगवली. काचेसारखी चकाकली ती. बाबानं जवळ येऊन हात फिरवला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फळीवर बारीक रेषा पडल्या होत्या. आटलेल्या तळ्याच्या चिखलावर पडतात तशा. बाबानं नख लावलं तर खपली निघून त्याच्या हातात आली. ती त्यानं बोटांत चुरली आणि तळहातावरची पूड वाऱ्यावर सोडून दिली.

“हे माजं तेल नव्हं,” तो म्हणाला. “राळ खोटी असल.”

राळ खोटी नव्हती. खड्यातून बघितलं तर सूर्य गुळाचाच दिसत होता. दिनूनं खिशातला फोन काढला आणि पुन्हा आत ठेवला. रिसॉर्टवाला दसऱ्याच्या आधी उत्तर मागत होता. बाबा घरात गेला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. भिंतीपासून त्याला मीच उठवलं होतं आणि आता मीच त्याला तिथे परत बसवलं होतं.

मी सगळं पहिल्यापासून तपासलं. तेल लिटरचं किलोत बरोबर आणलं होतं. वजन बरोबर. आच बरोबर. लाकूड कोरडं. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे खूण होती आणि तरीही फळी तडकली होती.

संध्याकाळचा भात मला करायचा होता. दिनूची बायको माहेरी गेली होती, त्यामुळे भांडी कुठे असतात ते मी शोधत होते. वरच्या फळीवर हात घातला तर लुगड्याचा तुकडा हाताला लागला. आत आईचं मापटं. पितळ काळं पडलं होतं, काठ मात्र तसाच, पातळ, गुळगुळीत. मी ते तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि वर काढलं. खर्र असा आवाज झाला. शीग बोटानं सारखी करून तांदूळ पातेल्यात ओतले. मग त्यात मोजून पाणी घालायचं म्हणून तेच मापटं पाण्याच्या कळशीत बुडवलं. गळ्ळ, गळ्ळ.

आधी खर्र, मग गळ्ळ.

हा जोड आवाज मी ऐकलेला होता. स्वयंपाकघरात नव्हे, मांडवात. होडीच्या सावलीत टाचा रंगवायची वाट बघत बसलेली मी, आणि माझ्या मागे बाबाच्या हातातली ती करवंटी. आधी कोरडी असताना राळेच्या पुडीत जायची, खर्र. मग तीच तेलात. गळ्ळ, गळ्ळ, गळ्ळ, गळ्ळ. एकदा खर्र आणि चारदा गळ्ळ. पहिल्या गळ्ळला करवंटीला चिकटलेली पांढरी पूड तेलावर पसरायची, ते बघायला मी मान वळवायची. तराजू त्या मांडवात कधी नव्हताच.

मी बाहेरच्या खोलीत बाबाकडे गेले. “बाबा, तू राळ करवंटीनं घ्यायचास.”

“करवंटीनं ढवळायचो गो.”

“ढवळायचासही. पण आधी मोजायचास. राळही तिनंच आणि तेलही तिनंच.”

“काय म्हाईत,” तो म्हणाला. “हात करायचा ते. मी कुठं बघायचो?”

तेल पाण्याहून हलकं, हे मी लक्षात ठेवलं होतं, पण राळ कुटल्यावर किती हलकी होते याचा विचारच केला नव्हता. पुडीच्या कणांच्या मधे वारा भरलेला असतो. मापातल्या एकास चारला मी तराजूतलं एकास चार समजले, तिथेच राळ जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुटलेली राळ आणि उरलेलं तेल घेऊन मी मांडवात गेले. करवंटी आता कुठली असायला? खरं तर कुठलंही भांडं चाललं असतं, दोन्हींना एकच असलं म्हणजे झालं. घरात स्टीलचे चार पेले होते. मी आईचं मापटं घेतलं.

बाबाला नजरेनं फारसं दिसत नाही, पण पितळेचा आवाज त्यानं ओळखला. तो मांडवातल्या खाटेवरून उठलाच. “ते न्हाय. ते ठेव जागेवर. तुजी आय वरडल.”

“वरडू दे.”

“वास जायाचा न्हाय त्याचा.”

“राहू दे,” मी म्हटलं आणि मापटं राळेत घातलं. खर्र.

बाबा उभा होता तिथेच थांबला. मी तेलाची चार मापटी कढईत घालेपर्यंत तो मान तिरकी करून ऐकत होता. मग तो खाली बसला आणि त्यानं चुलीत लाकूड सारलं.

माझ्या समाधानासाठी मी दोन्ही मापटी काट्यावर तोलूनही पाहिली. राळेचं मापटं तेलाच्या मापट्याच्या दोन तृतीयांशच भरलं. म्हणजे मापातलं एकास चार हे वजनात एकास सहा होतं. हे मी आता कोठाराच्या भिंतीवर, नऊशे दहाच्या खाली, लिहून ठेवणार आहे. वसतिगृहात राळ लागत नाही, हे मला माहीत आहे. पीठ, रवा, तिखट लागतं.

राळ विरघळली तसा धूर उठला आणि तो वास आला. आंबूस, खारट, घशाशी बसणारा. एकाएकी अंगण भरलं, घर भरलं. बंदराकडून टोपली घेऊन येणारी एक म्हातारी बाई कुंपणाशी थांबली.

“कोनाच्या होडीला तेल गो? पार बंदरापर्यंत वास आला.”

“आमच्या,” बाबा म्हणाला. आतून, चुलीपुढून, चांगल्या खणखणीत आवाजात.

“मंग आज भात मुठीनं का?” ती हसत विचारून गेली. आईची ही रीत गावाला ठाऊक होती, हे मला माहीत नव्हतं.

तडकलेली फळी खरवडून, बाबा आणि दिनूनं कापूस ठासलेल्या होडीला पहिला हात दिला. तो वाळला. नख लावलं तर नखच मागे आलं. दुसरा हात दिला. बाबानं कुंचला माझ्याकडून काढून घेतला आणि फळ्या बोटांनी चाचपत मारू लागला. एक जागाही सुटली नाही. दिनू मागून खालच्या अंगाला हात मारत होता आणि कुरकुरत होता. “माझ्या शर्टाचं काय? बाजारात गिऱ्हाईक जवळ येईल काय माझ्या?”

“मासेच विकतोस ना?” बाबा म्हणाला. “अत्तर विकतोस काय?”

दसऱ्याच्या आधी, भरती चढत असताना, शेजारच्या चार जणांनी खांदा लावला आणि होडी पाण्यात गेली. आम्ही तिघंही आत. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड. पाणी येणारच होतं आणि आलंच. आधी पायाच्या बोटांना गार लागलं, मग घोट्यापर्यंत. दिनूनं माझ्याकडे पाहिलं. तो काय म्हणणार हे मला कळत होतं.

“पानी काढायला काय आनलंय?” बाबानं विचारलं.

यादीत ते लिहायचं राहून गेलं होतं. माझ्या पिशवीत मापटं होतं, परत फळीवर ठेवायचं म्हणून धुऊन पुसून घेतलेलं. मी ते त्याच्या हातात दिलं. त्यानं काठावरून अंगठा फिरवला आणि तो पाणी उपसायला लागला. भरायचा, बाहेर ओतायचा, भरायचा, बाहेर ओतायचा. मधून मधून हात थांबवून तो पाणी पुन्हा चढायची वाट बघे. ही वाट हळूहळू लांबत गेली. लाकूड फुगत होतं, कापूस घट्ट बसत होता. खाडीत पाणी स्थिर होऊन ओहोटीकडे वळलं तेव्हा तळाशी मापट्याच्या काठालाही लागणार नाही एवढंच उरलं होतं.

दिनूचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं.

“न्हाय, द्यायची न्हाय,” तो म्हणाला. मग पलीकडचं थोडं ऐकून, “बघायला कसं येनार? ती पान्यात हाय.”

मी घरून कागदाच्या पुडीत हळदकुंकू आणलं होतं, ते यादीत होतं. उतरताना नाळेवर लावलं. तेल तेव्हा वाळलेलं होतं, त्यामुळे बोट उमटलं नाही. पुढच्या वर्षी ओल्यावर लावायचं, हे मी लिहून घेतलं.

बाबा वाळूत बसून मापटं नाकाशी धरून होता.

“गेलं हे,” तो म्हणाला. “वरीसभर भाताला वास येनार.”

“येऊ दे.”

“तरी आज नको घालू ह्यानं,” तो म्हणाला. “आज मुठीनं घाल.”

मी मुठीनं घातला. आम्ही तिघं जेवलो, दिनूनं दोनदा मागून घेतला, तरीही तो उरलाच.